वाचकांचे प्रश्न : बैल बाजारात नाही, चिखलात बघायचा

मागच्या अंकात बोटीच्या फिश फाइंडरबद्दल, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून मासे आणि तळ दाखवणाऱ्या मशीनबद्दल, थोडंसं लिहिलं होतं. तळाला बसवलेल्या त्या काळ्या डब्यात, म्हणजे ट्रान्सड्यूसरमध्ये, सिरॅमिकची एक चकती असते, तिला वीज दिली की ती थरथरते आणि बाहेरून कोणी थरथरवली की उलट वीज देते, ह्याला पीझोइलेक्ट्रिक म्हणतात, बस्स एवढंच. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की ह्या महिन्यात दुसरं काही घेतच नाही. मजा म्हणजे मिरकरवाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत बहुतेकांची तक्रार फिरून फिरून एकाच जागी येते, मीटरवर माल पास आणि कामावर नापास. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो.

मिरकरवाडा, रत्नागिरी

*सर नमस्कार. आमच्या ट्रॉलरला २०० किलोहर्ट्झचा, १ किलोवॅटचा ट्रान्सड्यूसर आहे. बंदीच्या आधी तो कमी दाखवायला लागला म्हणून एका कारागिराकडे दिला. त्याने आतली चकती बदलली आणि मीटर लावून दाखवलं की कपॅसिटन्स जुन्याएवढीच आहे. हंगाम सुरू झाल्यावर दोन-तीन दिवस झकास चालला, आता सकाळी बरा असतो आणि दुपारी २० वावाच्या पुढे तळच दिसत नाही. कारागीर म्हणतो मशीन खराब, मशीनवाला म्हणतो चकती खराब. आम्ही कोणाचं ऐकायचं?*

दोघांचंही ऐकू नका, आधी चकतीलाच विचारा.

कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवायची ताकद, जुळली म्हणजे चकती जुळली असं नसतं हो. कपॅसिटन्स ठरते चकतीचं क्षेत्रफळ, जाडी आणि त्या सिरॅमिकचा डायइलेक्ट्रिक आकडा ह्या तिघांवरून. ह्या चकत्या पीझेडटीच्या, म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियमच्या सिरॅमिकच्या असतात. त्यातल्या पीझेडटी-४ नावाच्या हार्ड जातीचा हा आकडा १३०० च्या आसपास, पीझेडटी-५एच नावाच्या सॉफ्ट जातीचा ३४०० च्या आसपास, म्हणजे सॉफ्ट जातीची निम्म्याहून लहान चकती ठेवली तरी मीटर तोच आकडा दाखवणार आणि तुम्ही म्हणणार वा, जमलं. शिवाय सूर. मशीन हाक मारतं २०० किलोहर्ट्झला, त्याला चकती साधारण १० मिलिमीटर जाड लागते, आणि जाडी अर्धा मिलिमीटर कमी पडली की सूर १० किलोहर्ट्झ वर जातो. पखवाजाच्या शाईचं असतं तसंच हे, बोटभर फरकाने भजनाचा विचका.

पण तुमचं लक्षण सकाळी बरा आणि दुपारी आंधळा असं आहे, त्यामुळे मला पहिला संशय चकतीवर नाही, तिच्या चिकटवणीवर येतो. १ किलोवॅट ऐकून घाबरायला होतं पण तो सतत नसतो, समजा १ मिलिसेकंदाचा ठोका सेकंदाला ५ वेळा, म्हणजे सरासरी ५ वॅट, एखाद्या लहान एलईडी बल्बाएवढी पॉवर झाली. हे ५ वॅट आवाज होऊन पाण्यात गेले तर चकती थंड राहते. पण चकती आणि पुढचा रेझिनचा थर ह्यांच्यात केसाएवढी जरी हवेची फट सुटली तरी आवाज बाहेर जात नाही, कारण आवाजाच्या वाटेत पाण्याचा अडथळा १.५ धरला तर सिरॅमिकचा ३० च्या घरात आणि हवेचा ०.०००४. आवाज भिंतीला आपटल्यासारखा परत फिरतो, मग तीच पॉवर आतच जिरते, चकती तापते, तापली की फट अजून उघडते. सकाळी थंड असताना फट मिटलेली, दुपारी उघडलेली. आणि बोट ओढलेली असताना, पाण्याबाहेर, कारागिराने मशीन चालू करून दाखवलं होतं का हे एकदा आठवून बघा, ट्रान्सड्यूसर हवेत चालवायचाच नसतो, कंपन्या पुस्तिकेत लिहितात ते कोणी वाचत नाही.

तपासायचं कसं? तुमच्याकडे हॅम रेडिओवाला किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा कोणी पोरगा असेल तर त्याच्याकडे नॅनोव्हीएनए म्हणून हातात मावणारं यंत्र असतं, २०० किलोहर्ट्झ त्याच्या टप्प्यात येतं. ट्रान्सड्यूसर मशीनपासून सोडवा, आधी हवेत लटकवून इम्पीडन्सची, म्हणजे वेगवेगळ्या सुरांना विजेला किती अडथळा होतो त्याची, रेघ काढा, मग बादलीभर समुद्राच्या पाण्यात बुडवून काढा. (हे यंत्र अगदी नाजूक सिग्नल देतं, त्यामुळे हवेत धरलं तरी हरकत नाही.) हवेत रेघेवर टोकदार सुळका दिसला पाहिजे आणि पाण्यात तोच सुळका बसका, पसरट झाला पाहिजे, कारण पाणी आवाज ओढून घेतं. पाण्यात घालूनही सुळका टोकदारच राहिला तर आवाज पाण्यात जातच नाहीये, फट आहे, विषय संपला. थंड असताना एकदा बघा आणि मशीनवर तासभर पाण्यात चालवून लगेच परत बघा.

ह्याच रेघेवर अजून एक गोष्ट दिसते. इम्पीडन्स सगळ्यात खाली जातो तो रेझोनन्स, सगळ्यात वर जातो तो अँटिरेझोनन्स. २०० च्या चकतीला ह्या दोघांत १५-२० किलोहर्ट्झचं अंतर असलं म्हणजे चकतीत जीव आहे. अंतर आकसलं की ती डीपोल झाली, म्हणजे कारखान्यात तिला जी दिशा देऊन ठेवलेली असते ती विस्कटली. आणि तिथे नुकसान दुप्पट नाही, चौपट होतं, कारण चकती बोलते पण तीच आणि ऐकते पण तीच. बोलणं निम्मं, ऐकणं निम्मं, तळाचा आवाज येणार पाव.

चिपळूण, इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी

*काका, आमचा चौघांचा फायनल इयर प्रोजेक्ट आहे, आंबापोळीची पाकिटं सील करायला छोटा अल्ट्रासॉनिक वेल्डर, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या थरथरीने प्लास्टिक चिकटवणारं यंत्र. सिरॅमिक पीझेडटी-४ घ्यावं की पीझेडटी-८ ह्यावर आमच्यातच भांडण झालंय. डेटाशीटवर दोघांचा लॉस (उष्णतेत वाया जाणारी वीज) ०.००४ च लिहिलाय, उलट ४ चा डी३३ (दिलेल्या व्होल्टला सिरॅमिक किती हलतं तो आकडा) जास्त आहे, २८९ विरुद्ध २२५. मग ८ कोण कशाला घेईल? एक मित्र तर म्हणतो ५एच घ्या, त्याचा ५९३ आहे. लॅबमध्ये फंक्शन जनरेटर, स्कोप, एलसीआर मीटर आणि एक ॲम्प्लिफायर आहे, महागडं काही नाही. आम्ही स्वतः तपासू शकतो का?*

ह्या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हा, आणि मित्राला सांगा की त्याची चूक मीही केलेली आहे. बरीच वर्षं झाली, २८ किलोहर्ट्झच्या एका जोडणीसाठी मी एका दुकानदाराकडून डी३३ चा आकडा बघून रिंगा उचलल्या, मोठा आकडा म्हणजे मोठा माल अशी समजूत. पहिली पाच मिनिटं असा काही जोर होता की मी खूश, दहाव्या मिनिटाला सूर सरकला, पंधराव्या मिनिटाला रंग जळल्याचा वास आणि काम बंद. रिंगा सॉफ्ट जातीच्या होत्या. दुकानदार खोटं बोलला नव्हता बरं का, आकडा खरा होता, मीच बैल बाजारात बघितला आणि नांगरायला चिखलात घातला.

डेटाशीटवरचे आकडे सहसा १ व्होल्टच्या आसपास, १ किलोहर्ट्झला, २५ अंशांना काढलेले असतात. तेव्हा सिरॅमिक झोपलेलं असतं. तुम्ही त्याला शेकडो व्होल्ट देणार, रेझोनन्सवर नाचवणार, तिथे दुसराच प्राणी जागा होतो.

असं का होतं ते भातशेतीवरून सांगतो. सिरॅमिकच्या प्रत्येक कणाच्या आत छोटे छोटे कुणगे असतात, एका कुणग्यातल्या सगळ्या विजेच्या दिशा एकीकडे, शेजारच्यातल्या दुसरीकडे, मध्ये बांध. डोमेन आणि डोमेन वॉल म्हणतात ते हेच. वीज वर-खाली झाली की बांध सरकतात, आणि सरकताना घासतात, ती उष्णता. सॉफ्ट जातीत निओबियम किंवा लँथेनम मिसळलेलं असतं, त्याने बांध सैल होतात, थोड्याशा विजेत भरपूर सरकतात, म्हणून डी३३ मोठा आणि म्हणूनच लॉस ०.०२, पाचपट. हार्ड जातीत लोखंड किंवा मँगनीज घालतात, ते टायटॅनियमच्या जागी जाऊन बसतं पण त्याचा हिशोब जुळत नाही म्हणून ऑक्सिजनच्या जागा मोकळ्या पडतात, आणि ह्या दोघांची जोडी जांभ्या दगडासारखी बांधाला टेकून बसते. बांध हलत नाही. आता ४ आणि ८ मधला फरक असा की दोघांचे बांध १ व्होल्टला सारखेच घट्ट दिसतात, पण दर मिलिमीटरला २०० व्होल्टपर्यंत नेलं की ४ चे दगड निसटायला लागतात, लॉस चौपट-पाचपट होऊ शकतो, ८ त्या मानाने जागचा हलत नाही. जास्तीचे पैसे त्या निसटण्याच्या फरकाचे असतात, आणि तोच फरक १ व्होल्टच्या रकान्यात दिसत नाही.

५एच चं गणित तर पाटीवर करता येतं. रेझोनन्सवर चकती किती हलणार हे साधारण डी३३ गुणिले क्यूएम वर ठरतं, क्यूएम म्हणजे एकदा वाजवली की किती वेळ वाजत राहते त्याचा आकडा. पितळेची घंटा आणि लाकडाची फळी, तसा फरक. ५एच चा ५९३ गुणिले ६५ म्हणजे साडेअडतीस हजार, ८ चा २२५ गुणिले १००० म्हणजे सव्वादोन लाख. वेल्डरला ५एच घेणाऱ्याने कपाळाला हात लावायचा फक्त. शिवाय ५एच चं क्युरी तापमान, म्हणजे जिथे त्याचा पीझो गुणच जातो ते तापमान, १९३ अंश, आणि वापर त्याच्या निम्म्यापर्यंतच धरावा असा कामचलाऊ नियम आहे, म्हणजे शंभराच्या आतच त्याचा खेळ आटोपला. ८ ला ३०० अंश आहेत.

आता तपासणी. आपटेपर्यंत चालवून बघायचं नाही, पद्धतीने तापवायचं. पट्टी घ्या, ४० मिलिमीटर लांब, दोन्ही जातींची त्याच मापाची, ती ४१ किलोहर्ट्झच्या आसपास लांबीत थरथरेल. ॲम्प्लिफायर मात्र बघून घ्या, ऑडिओचे पुष्कळसे ॲम्प्लिफायर २०-२५ च्या पुढे मान टाकतात, तसा असेल तर पट्टी लांब घ्या म्हणजे सूर खाली येईल. पट्टीला जाडजूड वायर डागू नका, डागाचा गोळासुद्धा क्यूएम खातो, मधोमध दोन्ही बाजूंनी टोकदार स्प्रिंगने धरा, कारण मध्यभाग हलत नाही, टोकं हलतात.

पहिल्यांदा झोपलेल्या अवस्थेत मोजा, १ व्होल्टला. रेझोनन्स सापडला की दोन्ही बाजूंना जिथे करंट ७० टक्क्यांवर येतो ती फ्रिक्वेन्सी बघा, त्यांच्यातल्या अंतराने मधल्या फ्रिक्वेन्सीला भागलं की क्यूएम. क्यूएम १००० असला तर हे अंतर अवघं ४१ हर्ट्झ, त्यामुळे जनरेटरची पायरी १० हर्ट्झची ठेवून उपयोग नाही, १ हर्ट्झनेच चालायचं.

मग व्होल्टेज वाढवा, आणि इथे बहुतेक मुलं फसतात. व्होल्टेज कायम ठेवून फ्रिक्वेन्सी फिरवली तर जोरात चालवल्यावर सुळका सरळ उभा राहत नाही, खालच्या फ्रिक्वेन्सीकडे कलंडतो, खालून वर आलात तर एका ठिकाणी करंट टुणकन उडी मारतो आणि वरून खाली आलात तर दुसऱ्या ठिकाणी. त्या आलेखातून क्यूएम काढला तर तो आकडा कचऱ्यात टाकायच्या लायकीचा. म्हणून व्होल्टेज नाही, करंट कायम ठेवायचा. रेझोनन्सवर करंट हा थरथरण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतो, करंट बांधला की वेग बांधला जातो आणि रेघ परत सरळ होते. एक जण स्कोपवर करंट बघणार, दुसरा व्होल्टेज कमीजास्त करणार, कंटाळवाणं आहे पण जमतं.

प्रत्येक पायरीला पट्टीच्या मधोमध बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून तापमान लिहा. मधोमधच का, तर तिथे हालचाल शून्य पण ताण सगळ्यात जास्त, उष्णता तिथेच निघते. खोलीपेक्षा तापमान २० अंशांनी चढलं की तिथला वेग हा त्या सिरॅमिकचा कमाल वेग धरायचा अशी पद्धत ह्या क्षेत्रात रूढ आहे. चांगल्या हार्ड जातीला तो सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास मिळतो. अर्धा मीटर ऐकायला काही नाही, पण ४० किलोहर्ट्झला त्याचा अर्थ टोक २ मायक्रॉन हलतंय, केसाच्या जाडीचा तिसावा-चाळिसावा भाग, आणि तेवढ्यासाठी पट्टीच्या मध्याला १२-१३ मेगापास्कलचा ताण आलटून पालटून बसतो. सिरॅमिक दाबाला राक्षस आणि ओढाताणीला काचेची बरणी, म्हणूनच वेल्डरमध्ये रिंगा बोल्टने करकचून दाबून ठेवतात.

एक शंका तुमच्या मनात आली असेल, नसली तर यायला हवी होती. लॉस वाढला तो जोरामुळे की तापल्यामुळे? दोन्ही एकदम होतं ना. ते सोडवायची युक्ती अशी की पट्टीला रेझोनन्सवर थोडीच आवर्तनं द्या, काही मिलिसेकंद, आणि पटकन ड्राइव्ह तोडून पट्टीच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून शॉर्ट करा. पट्टी घंटेसारखी वाजत वाजत शांत होते आणि शॉर्टमधला करंट स्कोपवर उतरताना दिसतो. ४० किलोहर्ट्झ आणि क्यूएम १००० असेल तर करंट ८ मिलिसेकंदांत ३७ टक्क्यांवर येतो. एवढ्यात तापायला वेळच मिळत नाही, त्यामुळे जो लॉस दिसतो तो निव्वळ जोराचा. आणि गंमत अशी की सुरुवातीला जोरात हलत असताना उतार जास्त खडा असतो, शेवटी हळू होतो, म्हणजे एकाच ठोक्यात मोठ्या वेगाचा क्यूएम पण मिळाला आणि लहान वेगाचा पण. शॉर्ट न करता तारा मोकळ्या ठेवल्या तर अँटिरेझोनन्सचा क्यूएम मिळतो, तो पीझेडटीत सहसा जास्त भरतो, वेल्डर तिथे चालवला तर कमी तापेल का हा तुमच्या रिपोर्टातला एक छान धडा होऊ शकतो.

बारीकसारीक पण महत्त्वाचं. एका पट्टीवर निकाल देऊ नका, एकाच बॅचमध्ये सुद्धा आकडे दहा टक्के इकडेतिकडे असतात, प्रत्येक जातीच्या निदान आठ-दहा घ्या. एकदा जोरात चालवलेली पट्टी लगेच परत मोजू नका, दगड निसटलेले असतात, एक दिवस पडू दे, मग मोजा, आणि ती पूर्वपदावर आली की नाही तेही लिहा, मला तर निवडताना हाच आकडा सगळ्यात बोलका वाटतो. आणि पट्ट्या-रिंगा ठेवताना दोन्ही बाजू वायरने जोडून ठेवा, तापमान बदललं तरी त्यांच्यावर वीज साठते, उन्हात ठेवलेल्या डब्यातली मोठी रिंग उचलताना मला बसलेला झटका अजून लक्षात आहे.

भांडण मिटवायला हवं असेल तर वेल्डर पाकिटामागे सेकंदभर चालून थांबणार असेल तर ४ सुद्धा चालून जाईल, दिवसभर धडाधडा चालणार असेल तर ८. पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका, पट्ट्या तापवा.

कुडाळ

*आमचं डिझेल पंप आणि इंजेक्टरचं वर्कशॉप आहे. सहा ट्रान्सड्यूसरची ४० किलोहर्ट्झची क्लीनिंग टाकी घेतली, दोन वर्षांत दोन ट्रान्सड्यूसर गळून पडले, तिसरा चालतो पण बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो. बाजारात सगळ्यांवर ६० वॅट लिहिलेलं असतं, स्वस्त पण आणि महाग पण. फरक कसा ओळखायचा?*

६० वॅट हा शिक्का आहे, मोजमाप नाही. कोणत्या तापमानाला, किती वेळ, पाण्याला जोडून की मोकळा, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तुमच्या टाकीखालचे ते घंटेसारखे तुकडे म्हणजे दोन सिरॅमिक रिंगा, पुढे ॲल्युमिनियम, मागे पोलाद, मधून बोल्ट. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या पॉल लांजव्हँने पाणबुड्या शोधायला पोलादाच्या दोन तुकड्यांत क्वार्ट्झ बसवलं होतं, त्याचाच हा वंशज, नावही लांजव्हँ ट्रान्सड्यूसर. ह्यात बोल्टचा दाब कमी पडला तर रिंगांना ओढाताण बसते आणि तडा जातो, जास्त झाला तर रिंगा दाबानेच डीपोल होतात, त्यामुळे गरम होणाऱ्याचा बोल्ट पान्याने "अजून थोडा" आवळायचा मोह आवरा.

तिन्ही दुरुस्त करताना नवे तिघे आणि जुने तिघे असं मिश्रण शक्यतो टाळा. सहाही समांतर जोडलेले, सगळ्यांना एकच सूर मिळतो, ज्याचा सूर त्याच्याशी जुळतो तो सगळ्यांचं काम अंगावर घेतो आणि तापतो. तुमचा तिसरा बहुधा त्यातलाच, दोन भाऊ गेल्यावर घर चालवणारा. घेतानाच दुकानदाराकडून प्रत्येकाचा मोजलेला रेझोनन्स मागा, अर्ध्या किलोहर्ट्झच्या आत जुळणारे सहा घ्या. जो दुकानदार मोजून देत नाही त्याच्याकडून घेऊ नका, इतकं सोपं आहे.

लावल्यावर पाणी भरून २० मिनिटं चालवा, खालून इन्फ्रारेड गनने एकेकाचं तापमान घ्या, हात लावू नका, तिथे शेकडो व्होल्ट असतात. एखादा बाकीच्यांपेक्षा १५ अंश वर असेल तर तो किंवा त्याची चिकटवण गडबड आहे. सिरॅमिक स्वतः शंभराच्या पुढेही टिकेल पण इपॉक्सी त्याच्या आधीच मऊ पडतं, गळून पडण्याचं कारण बहुतेक वेळा हेच, आणि पत्रा खरखरीत न करता चिकटवला असेल तर मग विचारायलाच नको. टाकी नीट चालते का बघायला घरातला ॲल्युमिनियम फॉईलचा तुकडा मिनिटभर उभा धरा, सगळीकडे बारीक भोकं पडली पाहिजेत, जिथे कोरा राहिला त्याच्या खालचा तुकडा झोपलेला.

टाकी रिकामी कधी चालू करायची नाही, पाणी नाही तर आवाज जाणार कुठे. आणि पेट्रोल, थिनर टाकीत घालून इंजेक्टर धुणारे मी बघितलेत. टाकी गरम, वाफ वर, खाली ठिणगीची सोय. नका करू.

वेंगुर्ला

*सर, आमच्याकडे पावसात गॅसचो लायटर पेटणाच नाय. टक टक करून आंगठो दुखता. उन्हाळ्यात तोच लायटर बरो चलता. तुमच्या त्या चकतीचोच भाऊ मां हो?*

व्हय, सख्खो भाऊ! १८८० साली पिएर आणि जाक क्युरी ह्या भावांनी स्फटिक दाबला की वीज येते हे दाखवलं, तेच तुम्ही स्वयंपाकघरात करताय. आतली हातोडी सिरॅमिकच्या दांडीवर आपटते आणि हजारो व्होल्ट तयार होतात. दांडी पावसातही ठीक असते, पण खारी दमट हवा आतल्या प्लास्टिकवर ओलीचा थर धरते आणि वीज ठिणगी पडायच्या आधीच त्यावरून पळून जाते. टोक कोरड्या फडक्याने पुसा, लायटर तांदळाच्या डब्यात ठेवा, शेगडीवर शेकू नका.

हर्णै

*लाटांखाली पीझो पट्ट्या अंथरून गावाला वीज मिळेल का? व्हिडिओत दाखवतात.*

नाही. लाट आठ-दहा सेकंदांनी एकदा येते, पीझोची मजा सेकंदाला हजारो वेळा हलण्यात आहे. १० नॅनोफॅरडच्या चकतीचा इम्पीडन्स लाटेच्या गतीला १६ कोटी ओहमच्या घरात जातो, तेवढी वीज तर खाऱ्या पाण्याच्या दमटपणातूनच गळून जाईल. लाटांवर वीज करून बघितली नाही असं नाही, केरळात विळिंजमला १९९१ साली १५० किलोवॅटचं केंद्र उभं केलं होतं, पण त्यात लाटेने हवा ढकलून टर्बाइन फिरवायचं होतं, पीझो नव्हतं. व्हिडिओवाल्याला विचारा की बल्ब किती वॅटचा होता.

मालवण

*टाकीच्या आणि फिश फाइंडरच्या फुटक्या चकत्या-रिंगा खूप साठल्या आहेत. भोक आयतंच आहे आणि वजनदार पण आहेत, गळाला वजन म्हणून बांधल्या तर चालतील का? पोरं फोडून आतलं चांदीचं पाणी काढतात.*

अजिबात नको. पीझेडटी म्हणजे शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम, आणि त्यात वजनाने निम्म्याहून जास्त शिसंच असतं. वजनदार लागतात त्या म्हणूनच. अख्खी रिंग हातात धरली म्हणून काही होत नाही, पण फोडताना, घासताना जी भुकटी उडते ती श्वासातून आणि हातातून पोटात जाते, आणि लहान पोरांना शिसं सगळ्यात वाईट. चांदीचा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, त्यातून एका कटिंग चहाचे पैसे सुटणार नाहीत. पोरांच्या हातातून काढून घ्या, आधीच भुकटी सांडली असेल तर झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पण त्याच डब्यात टाका. डब्याला झाकण लावून वर शिसं आहे असं लिहा, ई-कचरा घेणारी गाडी किंवा केंद्र मिळेल तेव्हा द्या, तोवर डबा माळ्यावर राहू दे, मासळीच्या टोपल्यांपासून लांब.